राखीव गडी

इतिहास म्हटला की लढाया, तह आणि सनावळ्या आठवतात. शाळेत आपण तेच शिकलो आणि आता मुलांनाही बहुधा तेच शिकवतो. परंतु समाजाचा इतिहास पुष्कळदा फार लहान जागी घडत असतो. गावच्या पाणवठ्यावर घडतो, पंगतीत घडतो, कधी कधी खेळाच्या मैदानावरही घडतो. आज अशाच एका लहान जागेची हकिकत तुमच्यापुढे ठेवायची आहे. जागा दूरची आहे, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातली. काळ १९४६ ते १९४८ चा. आणि विषय आहे शिक्षक तयार करणाऱ्या एका कॉलेजच्या बास्केटबॉल संघाचा. तुम्ही म्हणाल, परक्या मुलखातल्या परक्या खेळाशी आपला काय संबंध? तो आहे की नाही, हे हकिकत ऐकून तुम्हीच ठरवा.

आधी खेळाविषयी थोडेसे. आपली हुतुतू-खोखो केव्हा सुरू झाली हे कोणाला नेमके सांगता येत नाही. बास्केटबॉलचे तसे नाही. त्याची जन्मतिथी ठाऊक आहे आणि जन्मदाताही ठाऊक आहे. १८९१ च्या डिसेंबरात स्प्रिंगफील्ड या गावी, वाय. एम. सी. ए. च्या शिक्षणसंस्थेत, जेम्स नेस्मिथ नावाच्या एका शिक्षकाने हा खेळ काढला. बाहेर कडाक्याची थंडी, मुले आत कोंडलेली. त्यांना छपराखाली खेळता येईल असे काहीतरी हवे होते. नेस्मिथने फळांच्या दोन टोपल्या दहा फुटांवर ठोकल्या, तेरा नियम लिहून काढले आणि मुलांच्या हातात चेंडू दिला. टोपली म्हणजे 'बास्केट', त्यावरून नाव पडले बास्केटबॉल. वाय. एम. सी. ए. च्याच लोकांनी पुढे हा खेळ देशोदेशी नेला. मद्रासेस १९२० साली त्यांनी व्यायामशिक्षकांचे कॉलेज काढले आणि मुंबईच्या नागपाड्यासारख्या कामगारवस्तीतही हा खेळ असा रुजला की तिथून नामांकित खेळाडू निघाले.

इंडियाना हे मक्याच्या शेतांचे राज्य. हिवाळ्यात शेतीची कामे थंडावतात, रात्री लांबतात, आणि मग गावेच्या गावे शाळेच्या व्यायामशाळेत सामना पाहायला लोटतात. १९५४ साली मिलान या खेड्यातल्या, अवघ्या १६१ विद्यार्थ्यांच्या शाळेने मोठमोठ्या शहरांच्या शाळांना हरवून राज्याचे अजिंक्यपद मिळवले. एवढ्यावरून तिथल्या वेडाची कल्पना यावी.

या राज्यात वाबाश नदीच्या काठी टेरा होट नावाचे साठेक हजार वस्तीचे गाव होते. तिथे एक जुने 'नॉर्मल स्कूल' होते. पुढे त्याचे 'इंडियाना स्टेट टीचर्स कॉलेज' झाले. आपल्याकडच्या ट्रेनिंग कॉलेजाचाच हा मोठा भाऊ म्हणा. अशा लहान कॉलेजांना मोठ्या विद्यापीठांशी टक्कर देणे परवडत नसे. म्हणून राज्यातली लहान कॉलेजे एकत्र येऊन आपापसांत सामने भरवीत. अशा मंडळाला तिकडे 'कॉन्फरन्स' म्हणतात. थंडीच्या सुरुवातीला हंगाम सुरू व्हावा, संघांनी मोटारीने या गावाहून त्या गावी जावे, आणि मार्चपर्यंत ज्याचे विजय जास्त तो मंडळाचा विजेता ठरावा, अशी पद्धत. वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर यातले काही येत नसे. पण त्या त्या गावाला आपल्या कॉलेजचा प्रत्येक सामना पाठ असे.

१९४६ साली या कॉलेजात एक नवे प्रशिक्षक आले. त्यांचे नाव जॉन वुडन. शेतकऱ्याचा मुलगा, स्वतः नावाजलेला खेळाडू, आणि पेशाने इंग्रजीचा शिक्षक. अकरा वर्षे त्यांनी हायस्कुलांतून मुलांना शिकवले व खेळवले होते, आणि महायुद्धात आरमारात नोकरी करून ते नुकतेच परतले होते. त्यांच्या संघात क्लॅरेन्स वॉकर नावाचा एक विद्यार्थी होता. मिशिगन सरोवराकाठच्या ईस्ट शिकागो या पोलादाच्या कारखान्यांच्या गावातला. संघात कृष्णवर्णीय असा तो एकटाच. आणि मुख्य पाचांत तो नव्हता. तो होता राखीव गडी. बाकावर बसायचे आणि बोलावले की उठायचे.

त्या पहिल्याच हंगामात वुडनच्या संघाने सतरा सामने जिंकले, आठ गमावले, आणि मंडळाचे विजेतेपद पटकावले. त्याबरोबर एक निमंत्रण आले. लहान कॉलेजांची देशपातळीवरची एक मोठी स्पर्धा दर मार्चमध्ये कॅन्सस सिटी येथे भरत असे. बत्तीस संघ आणि बाद पद्धतीचे सामने, म्हणजे हरला तो घरी गेला. एका आठवड्यात पाच सामने ओळीने जिंकील तो देशाचा विजेता. टेरा होटसारख्या गावातल्या कॉलेजला याहून मोठा मान कोणता?

पण निमंत्रणाला एक अट चिकटलेली होती. त्या स्पर्धेत कृष्णवर्णीय खेळाडूला मज्जाव होता. वॉकरला घरी ठेवून या, असा त्याचा सरळ अर्थ.

वाचकहो, इथे जरा थांबा आणि व्यवहारी माणसासारखा विचार करा. वॉकर हा काही संघाचा आधारस्तंभ नव्हता. त्याच्यावाचून संघ दुबळा झाला नसता. 'एका राखीव गड्यासाठी बाकीच्यांची संधी का घालवायची? त्याला समजावून सांगू, पुढच्या वर्षी पाहू', असे कोणीही म्हटले असते, आणि म्हणणाऱ्याला कोणी दुष्टही ठरवले नसते. वुडन यांनी निमंत्रण परत केले. भाषण केले नाही, गाजावाजा केला नाही. जो हंगामभर संघात आहे तो संघात आहे, एवढेच त्यांचे गणित होते. ही गोष्ट मार्च १९४७ ची. जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू त्या देशाच्या बेसबॉलच्या बड्या सामन्यांत उतरला तो त्यानंतर, १५ एप्रिल १९४७ रोजी.

पुढचा हंगाम उजाडला. प्रवासात काही खाणावळींतून वॉकरला वाढायला नकार मिळे. मग वुडन साऱ्या संघाला उठवून बाहेर काढीत. सगळे जेवतील, नाहीतर कोणीच नाही. ही शिस्त त्यांनी बोलून दाखवण्यापेक्षा पाळून दाखवली. आणि संघही असा खेळला की १९४७-४८ मध्ये अखेरचा हिशेब सत्तावीस विजय व सात पराभव असा झाला. मंडळाचे विजेतेपद पुन्हा मिळाले. कॅन्सस सिटीचे निमंत्रणही पुन्हा आले.

या खेपेला हवा थोडी बदलली होती. ते वर्ष लंडनच्या ऑलिंपिकचे. स्पर्धेच्या विजेत्याला ऑलिंपिक संघाच्या निवड-सामन्यांत जागा मिळणार होती. देशाच्या संघाचा रस्ता जिथून जातो, तिथे देशाच्याच काही नागरिकांना बंदी कशी, असा प्रश्न विचारला जाऊ लागला. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन कॉलेजने बंदी उठवा, नाहीतर आम्ही येत नाही, असे कळवले. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणारी एन. ए. ए. सी. पी. ही संस्थाही मागे लागली होती. चारही बाजूंनी असा रेटा आला आणि स्पर्धेच्या तोंडावर, १९४८ च्या मार्चमध्ये, चालकांनी बंदीचा नियम मागे घेतला.

दार उघडले खरे, पण पुरते नव्हे. वॉकरने सामन्यात खेळावे, मात्र संघाबरोबर हॉटेलात राहू नये, चारचौघांत त्यांच्यासोबत वावरू नये, अशी व्यवस्था पुढे आली. वुडन पुन्हा नकार द्यायला निघाले होते. त्यांना थोपवले ते वॉकरच्या घरच्यांनी आणि एन. ए. ए. सी. पी. च्या लोकांनी. मुलाला जाऊ द्या, तो एकदा त्या मैदानावर उतरला की मागच्यांची वाट मोकळी होईल, हे त्यांचे म्हणणे. वुडन यांनी ते मानले. हा प्रसंग मला फार बोलका वाटतो. नकार कधी द्यायचा हे गुरूला कळले होते. पण अपमान गिळून पुढे कधी जायचे, हे ज्यांना तो सोसायचा होता त्यांनीच ठरवले, आणि गुरूने त्यांचे ऐकले.

संघ हॉटेलात उतरला आणि वॉकर एका खाजगी घरी. रात्री वेगळी दिशा, संध्याकाळी एकच मैदान. त्या स्पर्धेत खेळलेला तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. टेरा होटच्या पोरांनी एकामागून एक संघ गारद करीत अंतिम सामना गाठला. तिथे लुइव्हिलच्या संघाने त्यांना ८२ विरुद्ध ७० अशा गुणांनी हरवले. स्पर्धेतला उत्कृष्ट खेळाडू म्हणून मात्र पराभूत संघातल्या डुएन क्लूची निवड झाली. आणखी एक गंमत पाहा. विजेते कॉलेज ज्या केंटकी राज्यातले, तिथे गोऱ्या व काळ्या मुलांना एका वर्गात शिकवायला १९०४ पासून कायद्यानेच बंदी होती. म्हणजे मैदानात त्यांच्यासमोर उभा राहू शकणारा विद्यार्थी त्यांच्या वर्गात बसू शकला नसता.

हे वाचताना तुम्हांला आपल्याकडचे पाळवणकर बाळू आठवले असतील. पुण्याच्या क्रिकेटमधला हा चर्मकार समाजातला गोलंदाज. इंग्रजांना हरवायचे म्हणून पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना घेतले. त्यांनी टाकलेला चेंडू सवर्ण खेळाडू हातांनी झेलत, पण चहाच्या वेळी त्याच बाळूंना मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. तरी हिंदू संघाचे कप्तानपद त्यांच्या हाती आले नाही. ते त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना १९२३ साली मिळाले. देश निराळा, रंग निराळा, रीत मात्र तीच. घाम एकत्र गाळायचा आणि घोटभर पाणी निराळे प्यायचे.

कॅन्सस सिटीचे अर्धे उघडलेले दार पुढे पुरते उघडले ते कृष्णवर्णीयांच्याच बळावर. १९५३ साली त्या स्पर्धेच्या संघटनेने कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांना प्रवेश दिला. टेनेसी ए. अँड आय. या अशा कॉलेजचे प्रशिक्षक होते जॉन मॅक्लेन्डन. कॅन्सस विद्यापीठात ते साक्षात नेस्मिथच्या हाताखाली शिकले होते, पण रंगामुळे तिथल्या संघात त्यांना जागा नव्हती. आमची मुले इतर संघांसारखीच शहरातल्या हॉटेलात राहतील, तरच येऊ, हा आग्रह त्यांनी धरला आणि तडीस नेला. मग १९५७, १९५८ आणि १९५९ अशी तीन वर्षे ओळीने त्यांच्या संघाने तीच स्पर्धा जिंकली. वॉकरला ज्या गावात हॉटेलची खोली मिळाली नव्हती, त्या गावात अवघ्या नऊ वर्षांनी हे घडले.

वुडन १९४८ सालीच टेरा होट सोडून लॉस एंजेलिसला गेले. तिथल्या विद्यापीठाच्या संघाने त्यांच्या हाताखाली १९६४ ते १९७५ या बारा वर्षांत दहा वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. २०१० साली, नव्व्याण्णवाव्या वर्षी ते वारले. जगाला ती दहा विजेतेपदे ठाऊक आहेत. मला विचाराल तर त्यांचा सर्वांत मोठा सामना १९४७ साली न खेळला गेलेला सामना होय. कारण पुढच्या विजयांच्या वेळी हाताशी देशातले निवडक खेळाडू होते. त्या नकाराच्या वेळी पणाला लागला होता एक राखीव गडी.

आपल्या घटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, त्याला १९५० सालापासून कायद्याचे पाठबळ आहे. परंतु कायदा शाळेच्या दारापर्यंत येतो. आतली बाके, पाण्याचा हंडा, जेवणाची पंगत आणि खेळाचा संघ हे शिक्षकाच्या हाती असते. म्हणून गुरुजनांना एकच सुचवतो. तालुक्याच्या सामन्यांना संघ नेताना जिंकणाऱ्या पोरांकडे तर सगळेच पाहतात. तुम्ही बाकाच्या टोकाशी बसलेल्या पोराकडे पाहा. तो कुठे उतरतो, कोणाच्या शेजारी जेवतो, पाणी कोणत्या भांड्याने पितो, हे विचारा. संघ खरोखर संघ झाला की नाही, ते तिथे कळते.