हँडलची मोटार आणि किल्लीची मोटार

जुन्या मोटारींच्या प्रदर्शनात गर्दी जमते ती बहुधा पितळी दिव्यांभोवती. आम्हांस मात्र गाडीच्या पुढे लोंबणाऱ्या लोखंडी हँडलपाशी थांबावेसे वाटते. दोन काळांतील खरे अंतर तेथे कळते.

फोर्ड कंपनीची ‘मॉडेल टी’ अमेरिकेत 1908 साली निघाली व 1927 पर्यंत तिच्या सुमारे दीड कोटी गाड्या तयार झाल्या. ती चालू करावयाची म्हणजे प्रथम सुकाणूजवळच्या डाव्या दांडीने ठिणगीची वेळ मागे न्यावयाची, मग समोर जाऊन डाव्या हाताने हँडल वर ओढावयाचे, आणि तेही अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवून. ठिणगी वेळेआधी पडली तर हँडल उलटे उसळे आणि मनगट मोडे. विजेचा स्टार्टर तिला 1919 मध्ये मिळाला. पायाशी तीन पेडले होती खरी. पण डावे गिअरचे, मधले मागे जाण्याचे, उजवे ब्रेकचे. वेग हाताने द्यावयाचा. आजचा कसलेला चालकही तीत बसला तर अंगणातच अडेल! पेट्रोलची टाकी आसनाखाली असे आणि पेट्रोल आपल्याच भाराने इंजिनाकडे उतरे. टाकी रिकामी होत आली की तीव्र चढावर ते पोचेना. मग गाडी फिरवून उलटी चढवीत. अनमोडचा घाट असा पाठमोरा चढावयाचा, ही कल्पनाच पुरे.

तिच्याशेजारी मुंबईत कुर्ल्यास बनणारी, 1974 पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ म्हणविली गेलेली फियाट उभी करून पाहावी. मॉडेल टीचे इंजिन 2.9 लिटरचे, शक्ती 20 अश्वांची; पद्मिनीचे 1089 घन सेंटिमीटरचे, म्हणजे निम्म्याहूनही लहान, आणि शक्ती जवळजवळ दुप्पट. मॉडेल टीचा ब्रेक केवळ मागच्या चाकांना आवरी, पद्मिनीचा चारही चाकांना. रथ ओढण्याहून तो थांबविणे अवघड, हे रथोत्सव पाहिलेल्या आमच्या वाचकांस सांगावयास नको. म्हणून ‘जुने तेवढे भक्कम’ हे म्हणणे आम्हांस सरसकट मान्य नाही.

तथापि किल्लीने एक गोष्ट हिरावून नेली. हँडल मारणाऱ्यास ठिणगी केव्हा पडते हे ठाऊक असावेच लागे. किल्ली फिरविणाऱ्यास ते जाणण्याचे कारण उरले नाही. पद्मिनीच्या बॉनेटखाली हात घालणारे कारागीर निदान गावोगाव भेटत. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतून ती 2023 च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली. आता जुन्या मोटारींच्या मेळाव्यांत तीही दिसू लागली आहे.