उधमसिंग

उधमसिंग (जन्म : २६ डिसेंबर १८९९, सुनाम, पंजाब; मृत्यू : ३१ जुलै १९४०, लंडन) हे गदर चळवळीशी संबंधित भारतीय क्रांतिकारक होते. पंजाबचे माजी लेफ्टनंट गव्हर्नर सर मायकेल ओड्वायर यांचा लंडनमध्ये वध करून त्यांनी जालियनवाला बाग हत्याकांडाचा सूड घेतला. ते अनाथाश्रमात वाढले होते आणि पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्याच सैन्यात त्यांनी सेवा केली होती.

बालपण

त्यांचे मूळ नाव शेरसिंग. ते लहान असतानाच आईचे निधन झाले. वडील टहलसिंग रेल्वे फाटकावर पहारेकरी होते. १९०७ मध्ये तेही वारले. त्यानंतर शेरसिंग व त्यांचे थोरले बंधू मुक्तासिंग यांना अमृतसर येथील सेंट्रल खालसा अनाथाश्रमात दाखल करण्यात आले. तेथे शीख धर्माची दीक्षा मिळाल्यावर या भावंडांना अनुक्रमे उधमसिंग व साधुसिंग ही नावे मिळाली. १९१७ मध्ये साधुसिंग यांचाही मृत्यू झाला आणि उधमसिंग यांना जवळचे कोणी उरले नाही.

सैन्यसेवा

पहिले महायुद्ध चालू असताना उधमसिंग ब्रिटिश हिंदी सैन्यात भरती झाले. त्यांना मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, पाठविण्यात आले. त्यांचे काम मुख्यतः कष्टाचे व कारागिरीचे होते. वरिष्ठांशी खटके उडाल्याने पहिल्या खेपेस ते लवकरच परतले. दुसऱ्या खेपेस बसरा व बगदाद येथे त्यांनी सुतारकाम आणि वाहने व यंत्रे यांची देखभाल केली. १९१९ च्या प्रारंभी ते अमृतसरला परत आले.

या काळात पंजाबचा कारभार ओड्वायर यांच्या हाती होता. युद्धासाठी सैन्यभरती करण्यावर त्यांचा मोठा भर होता. भरतीत सक्ती झाल्याचे आक्षेप पुढे काँग्रेसच्या चौकशी समितीने नोंदविले. या समितीत महात्मा गांधी, चित्तरंजन दास व अब्बास तय्यबजी यांच्यासह बॅ. मुकुंदराव जयकर हेही होते.

जालियनवाला बाग

१३ एप्रिल १९१९ रोजी जनरल रेजिनाल्ड डायर यांच्या हुकुमाने जालियनवाला बागेतील निःशस्त्र जमावावर १,६५० फैरी झाडण्यात आल्या. सरकारी आकड्यानुसार ३७९ लोक मरण पावले. काँग्रेसच्या मते ही संख्या कितीतरी अधिक होती. ओड्वायर यांनी या कृत्याचे समर्थन केले. उधमसिंग त्या वेळी अनाथाश्रमातील मुलांसमवेत बागेत पाणी वाटत होते व त्यांनी तेथेच सूडाची शपथ घेतली, अशी हकीकत रूढ आहे. तथापि तिला समकालीन कागदपत्रांचा निर्विवाद आधार नाही.

क्रांतिकार्य

घटना व सूड यांमधील एकवीस वर्षे बहुधा दुर्लक्षित राहतात. या काळात उधमसिंग अमेरिकेत गेले व १९२४ च्या सुमारास गदर पक्षाशी जोडले गेले. १९२७ मध्ये भारतात परतल्यावर विनापरवाना शस्त्रे व बंदी घातलेले साहित्य बाळगल्याबद्दल त्यांना पाच वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. १९३१ मध्ये सुटका झाल्यानंतर ते काश्मीर व जर्मनीमार्गे १९३४ मध्ये लंडनला पोहोचले. तेथे मोलमजुरी व कारागिरीची विविध कामे करून त्यांनी निर्वाह केला.

ओड्वायर यांचा वध

१३ मार्च १९४० रोजी लंडनच्या कॅक्सटन हॉलमधील सभा संपत असताना उधमसिंग यांनी पिस्तुलातून गोळ्या झाडल्या. ओड्वायर जागीच ठार झाले. भारतमंत्री लॉर्ड झेटलंड यांच्यासह तिघे जखमी झाले. उधमसिंग यांनी पळून जाण्याचा प्रयत्न केला नाही. जनरल डायर १९२७ मध्येच आजारपणाने निवर्तले होते. ओड्वायर व डायर या नामसाधर्म्यामुळे उधमसिंग यांनी डायर यांना मारले, असा गैरसमज आजही आढळतो.

कोठडीत त्यांनी आपले नाव ‘महंमदसिंग आझाद’ असे सांगितले. सर्वधर्मीय ऐक्याचे प्रतीक म्हणून ‘राम महंमदसिंग आझाद’ या रूपात ते प्रसिद्ध झाले. तुरुंगात त्यांनी प्रदीर्घ उपोषण केले. जून १९४० मध्ये ओल्ड बेली न्यायालयात खटला चालला, बचावपक्षात व्ही. के. कृष्ण मेनन यांचा समावेश होता. ३१ जुलै १९४० रोजी पेंटनव्हिल तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आली. महात्मा गांधी व जवाहरलाल नेहरू यांनी त्या वेळी या हत्येचा निषेध केला होता. नेहरूंनी पुढे त्यांचा गौरव केला.

स्मृती

१९७४ मध्ये उधमसिंग यांच्या अस्थी भारतात आणून सुनाम येथे अंत्यसंस्कार करण्यात आले. त्यांच्या दफनस्थानाचा शोध घेताना, त्याच तुरुंगात १९०९ मध्ये फाशी गेलेल्या मदनलाल धिंग्रा यांची शवपेटिका आढळली. १९७६ मध्ये धिंग्रांचे अवशेषही भारतात आले. महाराष्ट्रातील अकोला येथे त्यांच्या नावाचा चौक आहे. उत्तराखंडमधील उधमसिंगनगर जिल्ह्यास उधमसिंग यांचे नाव देण्यात आले आहे. त्यांच्या जीवनावरील ‘सरदार उधम’ हा हिंदी चित्रपट २०२१ मध्ये प्रदर्शित झाला.