जकूझी: एका आजारी मुलासाठी बनवलेला पंप

'जकूझी' हे मुळात एका घराण्याचं आडनाव. उत्तर इटलीतून अमेरिकेत आलेल्या सात भावांनी कॅलिफोर्नियातल्या बर्कलीमध्ये कारखाना काढला. आधी विमानाचे पंखे आणि मग बंदिस्त केबिनचं एक छोटं विमानसुद्धा त्यांनी बनवलं. १९२१ साली ते विमान कोसळलं आणि सातांपैकी एक भाऊ, जोकोंदो, त्यात गेला. घराण्याने विमानांचा नाद सोडला आणि विहिरीचं पाणी उपसणारे पंप बनवायला घेतले. आपल्याकडे बोअरवर बसवतात तसे जेट पंप.

सर्वांत धाकटा भाऊ कांदिदो. त्याच्या मुलाला, केनेथला, अगदी लहान वयात रुमॅटॉइड आर्थ्रायटिस झाला. इस्पितळात घुसळत्या गरम पाण्यात बसवलं की त्या पोराला बरं वाटायचं. पण उपचार संपवून घरी आलं की पुन्हा तेच दुखणं. पंप बनवणाऱ्या बापाने मग घरच्या साध्या टबात सोडता येईल असा पंप १९४८च्या सुमारास तयार केला. पुढे १९५०च्या दशकात तो विकायला आला, तोही उपचाराचं साधन म्हणून.

यामागचं तत्त्व अकरावीच्या फिजिक्समधलं आहे. अरुंद तोंडातून पाणी जोरात गेलं की तिथला दाब कमी होतो, बाहेरची हवा आत ओढली जाते आणि पाणी-हवेचा झोत अंगावर येतो. १९६८ साली त्याच घराण्यातल्या रॉय जकूझीने हे झोत टबाच्या भिंतीतच बसवले आणि त्या मॉडेलला 'रोमन' नाव दिलं. नावातच बदल दिसतो. दुखऱ्या सांध्यांचं यंत्र आता चैनीची वस्तू झालं. साधारण त्याच काळात कॅलिफोर्नियात लोक वाइनची जुनी लाकडी पिंपं अंगणात ठेवून त्यात गरम पाणी भरून बसू लागले होते. आजच्या हॉट टबमध्ये हे दोन्ही प्रवाह मिसळलेत.

हा इतिहास मी वाचला त्याला कारण आहे. नोकरीनिमित्त आम्ही दोघं कॅलिफोर्नियात राहतो. माझ्या बायकोला दोन वर्षांपूर्वी रुमॅटॉइड आर्थ्रायटिसचं निदान झालं. वय सत्तावीस. सकाळी बोटं इतकी आखडलेली असतात की चहाचा कप धरवत नाही. औषधं चालू आहेत. गरम पाण्यात बसायला डॉक्टरांची हरकत नाही. फोनवर आई म्हणाली, "अरे, वज्रेश्वरीच्या कुंडात माणसं शेकायला जातातच की. घ्या तुम्ही."

दुकानात मात्र सगळी भाषा 'रोमन'च्या वळणाची. रंगीत दिवे, स्पीकर, चाळीस जेट. आम्ही केनेथच्या बाजूने विचार करायचं ठरवलं आणि प्रश्न बदलले.

पहिला प्रश्न वजनाचा. दोघांच्या टबात साधारण ८०० लिटर पाणी मावतं, म्हणजे नुसतं पाणीच ८०० किलो. टब आणि आम्ही दोघं धरून टनभर. घरांच्या मजल्याला चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरतात. टबाखाली जागा असते दोन-अडीच चौरस मीटर. म्हणून लाकडी डेक बाद, जमिनीवरचा काँक्रीटचा कोबा पक्का.

दुसरा विजेचा. ८०० लिटर पाणी २५ अंशांवरून ४० वर न्यायला १४ युनिट लागतात. साध्या प्लगवर चालणाऱ्या टबाचा हीटर एक किलोवॉटचा असेल तर पहिल्यांदा तापायला किमान १४ तास. एकदा तापलं की सगळा खेळ झाकणाचा, कारण उष्णता मुख्यतः वरून जाते. आणि ४० अंशांच्या वर जायचं नाही. अमेरिकेतली सुरक्षेची मर्यादा तीच आहे.

तिसरा प्रश्न बायकोने विचारला आणि तोच निर्णायक ठरला. "झाकण मी एकटीने उघडू शकेन का?"

जाड झाकण भिजून आणखी जड होतं. आखडलेल्या मनगटाने ते उचलणार कसं? विक्रेत्याकडे याचं उत्तर होतं, पण जाहिरातीत कुठेच नव्हतं: झाकण उलटवणारा लिव्हर, टेकायला दांडा आणि आत उतरायला रुंद पायरी.

आम्ही दहाच जेटचा, बिनदिव्यांचा, दोन माणसांचा टब घेतोय. वाचलेल्या पैशांत लिव्हर, दांडा आणि पायरी. पहाटे मी झोपलेला असतानाही तिला त्यात एकटीने उतरता येईल.