गेलो होतो, चाललो नव्हतो

फ्लॅट बुक करायच्या आधी बिल्डरच्या ऑफिसात मला थ्रीडी 'वॉकथ्रू' दाखवला होता. माऊस फिरवला की हॉल, किचन, पॅसेज सगळं झरझर डोळ्यांसमोरून जायचं. मस्त वाटलं, सही केली. पुढे आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, ती वॉकर घेऊन चालायला लागली आणि तेव्हा कळलं की पॅसेजमधून बाथरूमकडे वळताना वॉकर भिंतीला अडकतो! स्क्रीनवर त्याच पॅसेजमधून मी दहा वेळा गेलो होतो. पण नुसता गेलो होतो, चाललो नव्हतो.

हा फरक फार आधी ओळखणारा माणूस आपल्या लायनीतलाच. फ्रेड ब्रुक्स. हो, तोच तो, 'द मिथिकल मॅन-मंथ'वाला! १९८०च्या दशकात नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात त्याच्या डिपार्टमेंटसाठी सिटरसन हॉल ही नवी इमारत व्हायची होती. ब्रुक्सच्या टीमने नकाशावरून तिचं कॉम्प्युटर मॉडेल केलं. लॉबीतल्या एका पार्टिशनमुळे जागा कोंदट वाटत होती. आर्किटेक्टना ते पटेना. मग त्यांना मॉडेलमधून फिरवलं आणि पार्टिशन हललं! याच प्रकल्पात डोळ्यांवर डिस्प्ले, पायाखाली ट्रेडमिल आणि वळायला सायकलसारखं हँडल अशी जोडणीही झाली.

आता तुम्ही म्हणाल, त्यासाठी ट्रेडमिल कशाला, बटण दाबून पुढे गेलं तर काय बिघडलं? १९९९मध्ये काही संशोधकांनी हेच तपासलं. काहींना आभासी खोलीत खरोखर चालू दिलं, काहींना जागच्या जागी पाय हलवायला लावले, उरलेल्यांना बटण दिलं. 'आपण खरंच तिथे आहोत' असं बटणवाल्यांना सगळ्यात कमी वाटलं.

पण साध्या ट्रेडमिलवर सरळच चालता येतं, आणि माणूस तर वळतो, थबकतो, मागे फिरतो. म्हणून १९९७मध्ये अमेरिकन सैन्याच्या सरावासाठी काटकोनात फिरणाऱ्या दोन पट्ट्यांची, सगळ्या दिशांनी चालता येईल अशी ट्रेडमिल आली. २००८मध्ये जर्मनीत ट्यूबिंगेनला 'सायबरवॉक'चं खोलीएवढं धूड उभं राहिलं. २०१३मध्ये 'व्हर्टुइक्स ऑम्नी'ने पट्टाच काढून टाकला: गुळगुळीत खोलगट थाळी, घसरते बूट, कमरेला आधार. २०२४मध्ये डिस्नेने 'होलोटाइल' ही छोट्या फिरत्या चकत्यांची जमीन दाखवली.

इतकी वर्षं का लागताहेत? कारण आपल्या कानातलं तोल सांभाळणारं यंत्र. माणूस पुढे गेला की जमिनीने त्याला परत मधे आणायचं असतं. जोरात ओढलं तर तोल जातो, हळू ओढलं तर तो कडेला पोचतो. डोळ्यांना फसवणं सोपं, पायांना महाकठीण.

असो. आईचा वॉकर आता पॅसेजमध्ये आडवा करून न्यावा लागतो, तिच्या मागे कुणीतरी उभं राहून. म्हणून हल्ली कुणी मित्र फ्लॅट बघतोय म्हटला की मी एकच सांगतो. बाबा रे, वॉकथ्रू बघ, पण त्याआधी गच्चीवर खडूने तो पॅसेज मापात आख आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला त्यातून एकदा चालव.