विंचवाचा उतार

भगिनींनो, माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. लेख लिहिण्याचा सराव नाही. पण आपल्या कोकणातला हा इतिहास प्रत्येक आईला ठाऊक असावा, म्हणून धीर केला आहे.

१९६९ साली माझ्या आईच्या धाकट्या भावाला लाकडे काढताना तांबडा विंचू चावला. वय सहा वर्षांचे. प्रथम तो ओरडला, मग गप्प झाला. उलटी झाली, अंग घामाने भिजले, हातपाय गार पडले. विंचू उतरवणारा म्हणाला, "कळ थांबली, विष उतरले." आजीला हायसे वाटले. पहाटे तोंडाला फेस येऊन मूल गेले. "माझा डोळा लागलाच कसा?" असे आजी मरेपर्यंत म्हणत राहिली.

१९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळ बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात आले. विंचूदंशाची माणसे डोळ्यांदेखत दगावत. डॉक्टर रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, उलटी यांची नोंद ठेवू लागले. ध्यानात आले ते असे: चावल्या जागी असह्य कळ येते, तो बहुधा वाचतो. कळ थोडी, पण उलटी, दरदरून घाम आणि गार हातपाय, त्याच्या हृदयावर विषाचा घाला पडलेला असतो. १९८२ साली ही लक्षणे विलायतेच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आली.

या विषाने रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी भरते. प्रॅझोसिन नावाची रक्तदाबावरची साधी गोळी रक्तवाहिन्या सैल करते. ती वेळेवर दिली की रुग्ण सावरतो, हा अनुभव डॉक्टरांनी पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह १९८६ साली त्याच साप्ताहिकात मांडला. फुप्फुसांत पाणी झालेल्या शंभर रुग्णांत पूर्वी पंचवीस-तीस जात. या गोळीनंतर ते प्रमाण एकावर आले. २०२२ साली डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली.

तेव्हा भगिनींनो, विंचू चावलेले मूल गप्प झाले म्हणून निर्धास्त होऊ नका. मंत्रतंत्रात वेळ न घालवता त्याला तडक दवाखान्यात न्या, आणि वाटेत त्याचे हातपाय चाचपून पाहा.

आजी आज असती तर तिला सांगितले असते, "आजी, दोष तुझ्या झोपेचा नव्हता. तेव्हा हे कोणालाच उमगले नव्हते." आपल्याला मात्र आता ठाऊक आहे.