डोळे दाखवायला पुण्याला जाताय? आधी कोणाकडे जायचं ते ठरवा

भोर, पुरंदरकडची माणसं एसटीने स्वारगेटला उतरली की सदाशिव पेठ जवळच. पेठेत चष्म्याची दुकानंही आहेत आणि डोळ्यांचे दवाखानेही. आत शिरण्याआधी पाटी नीट वाचा.

ऑप्टिशियन : लिहून दिलेल्या नंबरचा चष्मा बनवून देतो.

ऑप्टोमेट्रिस्ट : नंबर काढतो, नजर तपासतो. ऑपरेशन करत नाही.

नेत्रतज्ज्ञ : एमबीबीएसनंतर एमएस, डीएनबी किंवा डीओएमएस केलेले डॉक्टर. आजाराचं निदान आणि ऑपरेशन यांच्याकडेच.

नुसता नंबर काढला म्हणजे डोळे तपासले असं नाही. मोतीबिंदूत ऑपरेशननंतर पुन्हा दिसू लागतं. काचबिंदूत मात्र गेलेली नजर परत येत नाही आणि बहुतेकदा डोळा दुखतही नाही. म्हणून चाळिशीनंतर नेत्रतज्ज्ञांकडून डोळ्यांचा दाब आणि पडदा तपासून घ्या. शुगर असेल तर पडद्याची तपासणी दरवर्षी हवीच. त्यासाठी थेंब घातले की काही तास अंधुक दिसतं. सोबत कुणीतरी न्या, गाडी स्वतः चालवू नका.

मोतीबिंदूसाठी आधी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात विचारा. 1976 पासूनच्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयांत हे ऑपरेशन मोफत होतं.

डोळ्यात चुना किंवा फवारणीचं औषध गेलं तर पुण्याची वाट धरू नका. आधी स्वच्छ पाण्याने किमान पंधरा मिनिटं डोळा धुवा, मग लगेच जवळचा दवाखाना गाठा.