पार्टनरच्या ‘एक नो ट्रम्प’वर डबल आलं, आता काय बोलायचं?

ब्रिजमध्ये पार्टनरने १ नो ट्रम्पने सुरुवात केली, म्हणजे त्याच्याकडे बहुतेक पद्धतींत १५ ते १७ गुण आणि समतोल पानं असतात. (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १, एकूण ४०.) पुढचा खेळाडू म्हणतो, ‘डबल’. आता पाळी तुमची.

आधी अर्थ विचारा. विरोधकांच्या बोलीचा अर्थ आपल्या पाळीला विचारता येतो. डबल दंडासाठी असेल, तर त्याच्याकडेही साधारण १५ गुण असतात. काही जोड्या मात्र डबलने फक्त एखादा लांब रंग दाखवतात. तेव्हा पळायची घाई नसते.

मग हिशोब करा. डबल दंडाचं असेल, तर पार्टनरचे १६ आणि विरोधकाचे १५ धरून उरतात ९. त्यातले तुमच्याकडे किती?

७ किंवा जास्त: पारडं तुमचं जड. पास करून सात हात झाले तरी १८० मिळतात. रिडबल करून झाले, तर ५६०. व्हल्नरेबल असाल तर ७६०.

५-६: पानं समतोल असतील तर पास.

० ते ४: धोका इथेच आहे. समजा, बदामची पाच पानं गुलामासकट आहेत, बाकी सगळी छोटी. नो ट्रम्पमध्ये ही पानं बहुधा वाया जातात. बदाम हुकूम झाला, तर तीच छोटी पानं हात मिळवून देतात. म्हणून २ बदामवर पळा. डबल झालेल्या १ नो ट्रम्पमध्ये तीन हात कमी पडले, तर ५०० जातात. व्हल्नरेबल असाल तर ८००.

पळायचं कसं? काही जोड्या थेट आपला रंग बोलतात. काही जण डबल आलंच नाही असं समजून नेहमीचे ट्रान्सफर वापरतात. काहींकडे रिडबल म्हणजेच सुटकेची हाक: पार्टनरने २ किलवर बोलायचं, मग तुम्ही पास करायचा किंवा स्वतःचा रंग सांगायचा.

यातली कुठलीही पद्धत चालते, पण ती खेळायला बसण्यापूर्वी ठरलेली हवी. तुम्ही सुटकेसाठी रिडबल केलं आणि पार्टनरने ते ताकदीचं समजून पास केलं, तर तेच तीन हात १००० गुणांना पडतात. व्हल्नरेबल असाल तर १६०० ला.